धान्य न्यायला येणाऱ्यांकडून आधारकार्ड मागायचं का? (सिडकोतली आमची कोठी)

कोठीवाली_सिडको
नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, पण गेले पंधरा दिवस डोक्यात हेच चालू आहे. आम्ही नाशिकच्या सिडकोत एका मैत्रिणीच्या बंद पडलेल्या गाळ्यात दर रविवारी चार ते सहा धान्याची कोठी चालवतो. सुरुवात २०२० च्या लॉकडाऊनमधली, अंबड एमआयडीसीतली कंत्राटी पोरं खोल्यांमध्ये अडकली होती त्यांना किट वाटायचो, मग लॉकडाऊन संपला तरी बायका विचारत राहिल्या की ताई या रविवारी आहे ना, म्हणून बंद केलंच नाही. आता अकरा जणी आणि चार जण आहोत. पगार कुणालाच नाही, गाळ्याला भाडं नाही, लाइटबिल वर्गणीतून भरतो. रॅकवर तांदूळ, मसूर, मूगडाळ, पोहे, गूळ, चहापत्ती, मीठ, तिखट, तेलाच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या, अंगाचा साबण आणि पॅड असतात. आधी पिशव्या भरून हातात द्यायचो. वर्षभरापासून ते बंद केलं, आता ज्याचं त्याने रॅकवरून घ्यायचं, एका घराला काय किती ते पाटीवर लिहिलंय.

झालं असं की दोन रविवारांपूर्वी एक बाई, धुणीभांडी करतात, नेहमीच्या आहेत, आपलं घेऊन गेल्या आणि वीसेक मिनिटांनी त्यांचा मुलगा, असेल नऊ-दहा वर्षांचा, तीच पिशवी घेऊन परत रांगेत. त्याने मसूर आणि तेल घेतलं पण तेवढ्यात आमच्यातल्या एकीने ओळखलं. बाई कोपऱ्यावर उभ्या होत्या, त्यांना हाक मारून सगळ्यांसमोर म्हणाली, "अहो एका घराला एकदाच, बाकीच्यांनी काय करायचं?" बाई काहीच बोलल्या नाहीत. आत आल्या, पोराच्या पिशवीतली मसूरची पुडी काढून रॅकवर ठेवली, तेलाची पिशवी ठेवली, ती घसरायला लागली तशी तांदळाच्या डब्याला टेकवून नीट ठेवली आणि गेल्या. त्यानंतर आल्या नाहीत.

त्यावरून ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. निम्म्यांचं म्हणणं आधारकार्ड बघून रजिस्टरला नोंद करूया. त्यात दर महिन्याला तेलाचे चार बॉक्स देणारे एक काका आहेत ते आता फोटोसकट यादी मागतायत. माझं मन घेत नाहीये, पण नुसतं मन घेत नाही म्हणून पंधरा जणांना गप्प कसं करू? तुमच्यापैकी कुणी असं काही चालवत असेल तर सांगा, कागद मागता का?

सातपूर_फर्स्टशिफ्ट
ताई राग मानू नका, पण मागा. आमच्या मंडळाने एका गणपतीत दोनशे किट वाटली. दीड तासात संपली आणि ज्या पत्र्याच्या खोल्यांसाठी आणली होती तिथे पंधरासुद्धा पोचली नाहीत, लोक स्कूटीवर येऊन घेऊन गेले. देणाऱ्याचाही घामाचा पैसा असतो. मी मशीनवर उभं राहून कमावलेले पाचशे रुपये दिले तर ते कुणाच्या घरात गेले हे विचारायचा मला हक्क आहे की नाही?

मेथीची_जुडी
दादा, गणपतीतलं एक दिवसाचं वाटप वेगळं आणि दर रविवारची कोठी वेगळी. आज नाही घेतलं तर परत मिळणार नाही म्हटल्यावर कोणीही धावतं. पुढच्या रविवारी चारला शटर वर जाणारच हे पक्कं असलं की घरात पोती साठवायला कोण नेतंय.

सातपूर_फर्स्टशिफ्ट
हे अर्धं पटलं. स्कूटीवाल्यांचं काय?

मेथीची_जुडी
स्कूटी हप्त्याची असते हो. नोकरी गेली तरी स्कूटी दारातच उभी असते.

निवृत्त_रोखपाल
मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी कॅशच्या खिडकीत, म्हणून हिशोबाच्या बाजूने बोलतो. तुम्ही मालाचा हिशोब आणि माणसाची ओळख या दोन गोष्टींची गल्लत करताय. मालाचा हिशोब चोख हवाच. आवक, जावक, शिल्लक अशी वही करा, रविवारी शटर ओढायच्या आधी उरलेला तांदूळ काट्यावर घाला, दोघींच्या सह्या घ्या आणि त्या पानाचा फोटो दात्याला पाठवा. त्यात कुणाचाही चेहरा लागत नाही.

आधारच्या झेरॉक्स घेतल्या तर त्या ठेवणार कुठे? गाळ्यातल्या ड्रॉवरमध्ये? उद्या एखादी झेरॉक्स भलत्याच्या हातात पडली तर निस्तरणार कोण? फार तर पुठ्ठ्याचं कार्ड करा, त्यावर नंबर टाका आणि घरात खाणारी तोंडं किती ते लिहा. नावसुद्धा नको.

आणि ते काका करसवलतीचं कारण सांगत असतील तर वस्तूच्या रूपात दिलेल्या देणगीला आयकरात वजावट मिळत नाही, रोख २००० च्या वर दिली तरी मिळत नाही. त्यामुळे यादीचा आणि कराचा काही संबंध नाही.

कोठीवाली_सिडको
काका, खाणारी तोंडं हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. पाटीवर एका घराला दोन किलो तांदूळ, अर्धा किलो मसूर, एक तेल, बस. दोघं असोत की सात.

निवृत्त_रोखपाल
मग दुरुस्ती आधी पाटीत करायला हवी.

रेशनताई_पंचवटी
मी रेशनच्या कामात लोकांना मदत करते, बारा-तेरा वर्षं झाली. आधी एक सांगते, लोक हमखास म्हणतात की रेशन फुकट मिळतंय मग कोठी कशाला. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, त्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदयला (सगळ्यात गरीब घरांना) कार्डामागे ३५ किलो धान्य, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे हे खरंच. पण ते गहू-तांदूळ. फोडणीला तेल, वरणाला डाळ, चहा, मीठ, साबण यासाठी रोख पैसेच लागतात. म्हणून तुमच्या रॅकवर तेल-डाळ-साबण आहे हे बघून बरं वाटलं, गव्हाच्या पोत्यांपेक्षा त्याचीच गरज असते.

आता कागदाचं. सून लग्न होऊन आली की माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणेपर्यंत इकडे नाव चढत नाही. तेवढ्यात बाळ होतं, त्याचंही नाव राहतं. कार्डावर चार माणसं आणि ताटावर सात. मग अंगठा. आयुष्यभर भांडी घासून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या असतात, मशीन अंगठा घेत नाही. माझ्यासमोर एका आजींनी सात वेळा अंगठा लावला, दर वेळी पदराला पुसून, शेवटी फुंकर मारून लावला, तरी नाही. दुकानदाराने दुसरं बोट लावायला सांगितलं तेव्हा कुठे चाललं. सगळ्याच दुकानात असा धीर नसतो.

तर ज्याचे कागद जागेवर आहेत त्याला सरकारकडून काही ना काही मिळतंच आहे. तुमच्या दारात येणाऱ्यांमध्ये कागद अपुरे असलेलेच जास्त असणार. तुम्हीही कागद मागितला तर त्या बायकांनी जायचं कुठे?

एक करता येईल. महिन्यातल्या एका रविवारी मी तुमच्या गाळ्याबाहेर टेबल टाकून बसते. नाव चढवायचं, ई-केवायसी राहिलंय, गावचं कार्ड इथे चालतं की नाही असले प्रश्न सोडवू. एक देश एक रेशनकार्डमुळे सुरगाण्याचं कार्ड नाशकातल्या दुकानात चालायला हवं, पण अर्ध्या लोकांना ते कुणी सांगितलेलंच नसतं.

गोदाकाठ
रेशनताईंचं हे प्रिंट काढून शटरवर चिकटवा.

चिंचखेडची_सून
थोडं विषयांतर. आमच्या वाड्यात छोट्या प्रमाणात असंच करतो, पण तांदळाला टोके लागतात, पावसाळ्यात तर डाळीला जाळी धरते. कोठीवाल्या ताई, तुम्ही काय करता? कुणीतरी सल्फासच्या गोळ्या ठेवा म्हणालं.

द्राक्षमळा_निफाड
ताई सल्फास अजिबात नको!! ती अॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी असते, हवेतल्या ओलाव्याने त्यातून विषारी वायू सुटतो, बंद खोलीत जीव जातो माणसांचा. ते परवानाधारक लोकांनी गोदामात करायचं काम आहे, माणसं वावरतात त्या खोलीत नाही.

कोठीवाली_सिडको
+१, गोळ्या नकोच. आम्ही पोती जमिनीवर ठेवत नाही, फळीवर ठेवतो आणि भिंतीपासून वीतभर लांब, नाहीतर ओल धरते. डब्यात सुकवलेला कडुनिंबाचा पाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुना माल पुढे, नवा मागे. डब्याला खडूने तारीख टाकतो. टोके दिसले तर तांदूळ तसाच पुढे ढकलत नाही, गच्चीवर पसरून चाळून घेतो. आपल्या घरी शिजवणार नाही ते रॅकवर ठेवायचं नाही एवढं पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे.

मेथीची_जुडी
हे शेवटचं दात्यांना कोण सांगणार? आमच्याकडे एकांनी बिस्किटांचे चाळीस बॉक्स आणले, बॅनर धरून फोटो काढले, नंतर बघतो तर तारीख चार दिवसांनी संपत होती. चाळीस बॉक्स चार दिवसांत कुणाला खाऊ घालायचे?

रेशनताई_पंचवटी
पाकिटावर काय छापलंय ते नीट बघत जा. बेस्ट बिफोर म्हणजे त्या तारखेनंतर चव, कुरकुरीतपणा कमी होऊ शकतो. एक्स्पायरी किंवा युज बाय असेल तर त्या तारखेनंतर ते द्यायचंच नाही. आणि लग्नातलं उरलेलं शिजलेलं अन्न कोठीत घेऊ नका. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड ठेवायला लागतं, मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात, आणि हे गाळ्यात कुठून जमणार. २०१९ साली एफएसएसएआयने (सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) उरलेलं अन्न गोळा करून वाटण्याचे वेगळे नियम काढलेत, ज्यांच्याकडे गाडी आणि नोंदणी आहे त्यांच्याकडे अशा लोकांना पाठवा.

द्राक्षमळा_निफाड
भाजीचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. पिंपळगावला टोमॅटोचा भाव पडला की लोक फोन करतात, भाऊ फेकण्यापेक्षा आम्हाला द्या, गोरगरिबांना वाटू. वाईट हेतू नसतो, कळतं. पण २० किलोचा क्रेट भरायला तोडणीची मजुरी लागते, गाडीभाडं लागतं, आणि ज्याचा माल मातीमोल झाला त्यालाच दान मागायचं हे बरोबर वाटत नाही. निदान तोडणी आणि भाडं तरी द्या. मी एका ग्रुपला असं देतो, ते क्रेटमागे खर्च देतात, मी वर एक क्रेट जास्तीचा टाकतो.

सातपूर_फर्स्टशिफ्ट
भाऊ हे आवडलं. असा विचार केला नव्हता.

कोठीवाली_सिडको
निफाडच्या भाऊंना मेसेज केलाय. भाजी आम्ही घ्यायचो नाही कारण उरली की सडते. पण कांदे-बटाटे टिकतात, आणि टोमॅटो दोन तासांत संपतील एवढेच घेतले तर जमेल.

सुरगाण्याचा
मी जास्त लिहीत नाही इथे, वाचतो फक्त. फोटोचं वाचलं म्हणून लिहितोय.

मी पोलीस भरतीच्या तयारीला नाशकात आलो, पेठ रोडला आम्ही चौघं एका खोलीत. घरून तांदूळ आणि नागलीचं पीठ एसटीने यायचं, तेल-डाळीचं मात्र आमचं आम्ही. एका महिन्यात खोलीभाडं वाढलं आणि खिशात काही राहिलं नाही, सकाळी ग्राउंड मारून यायचं आणि मीठ-भात खायचा असं आठ दिवस चाललं. शहरातच एका ठिकाणी किट मिळतं कळलं म्हणून गेलो. किट दिलं, चांगलं होतं, दोन किलो डाळ होती. पण बॅनरपुढे उभं करून फोटो काढला, हात असा पुढे करायला लावला. तो फोटो फिरत फिरत गावच्या ग्रुपवर गेला. आईचा फोन आला, मी पाठवलेला तांदूळ पुरला नाही का रे? मी म्हटलं पुरतो गं, ते असंच मित्राबरोबर गेलो होतो.

पुढच्या महिन्यात परत तेच हाल झाले पण गेलो नाही. डाळ चांगली होती तरी नाही गेलो.

मेथीची_जुडी
😔 दादा, लिहिलंत हे बरं केलं.

सातपूर_फर्स्टशिफ्ट
सुरगाण्याच्या भाऊ, वाईट वाटलं वाचून. आमच्या मंडळाने पण काढले होते फोटो. सगळ्यांचे काढले.

गोदाकाठ
मला एक सुचतंय. पॅन्ट्री, किट, फूड बँक असली नावं बघितली की लोक बिचकतात, शिधाघर म्हणा ना. गोदाघाटावर साधू-यात्रेकरूंना कोरडा शिधा द्यायची रीत जुनीच आहे, अन्नछत्रात शिजवलेलं मिळतं आणि शिधा घेऊन माणूस आपली चूल आपण मांडतो. हे काम शिध्याचंच आहे.

रेशनताई_पंचवटी
शिध्याला दानाचा वास येतो, पाया पडून घ्यायचा असतो तो. कोठी बरी. घरातल्या कोठीत जाऊन आपण डबा उघडतो तेव्हा कुणाला विचारत नाही.

गोदाकाठ
बरं, कोठी तर कोठी. माघार.

आबा_सिन्नर
मी सत्तरीच्या आसपासचा माणूस, नातू टाइप करून देतोय. १९७२ च्या दुष्काळात सिन्नरकडे आमची आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरी रेशनचा लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी), त्याची भाकरी थापली की चिरायची, गरम होती तोवर खायची, नंतर दगड. कामावर सुकडी (पौष्टिक कोरडा खाऊ) वाटायचे. मी पंधरा-सोळाचा होतो, आईबरोबर जायचो. धाकटी बहीण तापाने घरी होती, ती रांगेत येऊ शकत नव्हती म्हणून मी एकदा घ्यायचो, शर्टाच्या ओट्यात ओतायचो आणि मागे जाऊन परत उभा राहायचो. वाढणारी बाई मला ओळखत होती. गावचीच होती. दुसऱ्यांदा माझा नंबर आला की ती वर बघायचीच नाही, खाली मान घालून वाटी भरायची.

बहीण जगली. आता नाशिकरोडला असते, तिला नातवंडं आहेत. त्या बाईला मी कधी काही बोललो नाही, तीही नाही बोलली. ताई, त्या पोराची आई का आली नाही ते बघा जरा.

निवृत्त_रोखपाल
आबा, नमस्कार.

चिंचखेडची_सून
वाचून काही सुचेना मला.

मेथीची_जुडी
आबांनंतर लिहायला अवघड जातंय पण एक गोष्ट राहून जाईल म्हणून लिहिते. ताई, तुम्ही मे महिन्यात कोठी बंद ठेवता का? आमच्या भागातली बंद असायची, सगळ्या जणी गावाला जायच्या. पण मे महिन्यात शाळा बंद, म्हणजे शाळेतली खिचडी बंद, पोरं दोन्ही वेळा घरीच जेवणार. द्राक्षाची कामंही तोवर आवरलेली असतात. आणि पावसाळ्यात बांधकामं थंडावतात तेव्हा नाक्यावरची माणसं दुपारपर्यंत उभी राहून परत जातात. आपल्या सुट्ट्या आणि लोकांची गरज बरोबर एकाच वेळी येते. आम्ही आता शटरच्या किल्ल्या तिघींकडे ठेवल्यात आणि मे-जूनची पाळी मार्चमध्येच लावतो. गेल्या मेमध्ये एका रविवारी दोघीच होतो, सगळं वजन करायला जमलं नाही तर फक्त तांदूळ-डाळ ठेवली, पण शटर उघडलं.

कोठीवाली_सिडको
मे मध्ये दोन रविवार बंद असायची आमची. हे लिहून घेतलं.

सगळ्यांना एकत्र उत्तर देते. शुक्रवारी मी आणि जिने त्या दिवशी टोकलं होतं ती मैत्रीण, दोघी त्या बाईंच्या घरी गेलो. तीच म्हणाली मला यायचंय. इथलं सगळं तिला वाचून दाखवलं होतं, आबांचं वाचताना मध्येच उठून गेली होती. पत्ता पोरांनी दाखवला. दहा बाय दहाची खोली, दारात चपलाच चपला. बाईंची बहीण आलीय, तीन लेकरांसकट, नवऱ्याला अपघात झाला म्हणून. आठ माणसं जेवतात तिथे सध्या. आम्ही विचारलं, मग सांगितलं का नाही? तर म्हणाल्या, जास्तीचं मागितलं आणि आहे तेही बंद झालं तर? मैत्रीण म्हणाली, माझं चुकलं, सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. त्या म्हणाल्या, जाऊ द्या ताई, आणि चहा टाकला. गुळाचा. गूळ आमच्याच रॅकवरचा असणार.

तर असं ठरलंय. आधार नाही, फोटो नाही. पाटी बदलली, आता माणशी हिशोब आहे, तोंडी सांगायचं आणि आम्ही विश्वास ठेवायचा. रोखपाल काकांचं नंबरचं कार्ड सुरू करतोय. पंधरापैकी तिघांना अजून पटलेलं नाही, तीन महिने करून बघू आणि वही बघून परत बोलू असं त्यांना सांगितलंय. रेशनताई पहिल्या रविवारी टेबल टाकतायत.

तेलवाल्या काकांना वहीच्या पानाचा फोटो पाठवला आणि म्हटलं, रविवारी तेलाच्या रॅकपाशी तुम्हीच उभे राहा, स्वतः बघा. त्यांनी उत्तर दिलं नाही आणि या महिन्याचे बॉक्स आले नाहीत. वाईट वाटलं, चार वर्षं देत होते. या रविवारी तेल निम्म्या घरांना पुरेल एवढंच आहे.

निवृत्त_रोखपाल
एक बॉक्स माझा. जीपेचा नंबर मेसेज करा.

द्राक्षमळा_निफाड
तेल नाही माझ्याकडे, कांदे देतो दोन गोण्या. भाडं नको या वेळी, तिकडे येतोच आहे.

सुरगाण्याचा
मी भरती झालो नाही अजून पण आता एका गोदामात कामाला आहे, रविवारी दुपारनंतर मोकळा असतो. वजन उचलायला येऊ शकतो.

आबा_सिन्नर
बाई परत आल्या की कळवा.

सातपूर_फर्स्टशिफ्ट
ताई, या रविवारी सुट्टी आहे मला. घरी दहा किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा पडून आहे, बायकोचं पापडाचं काम बंद झाल्यापासून वापरात नाही, तो आणतो. आणि तेलाचा एक बॉक्स. यादी नको मला. गाळा नेमका कुठे?

कोठीवाली_सिडको
मेसेज केलाय दादा. साडेतीनला या, तांदळाची पोती उतरवायची आहेत.